जुन्या फिती आणि नवा पडदा

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा बोलपट १९५५ सालीं प्रकाशांत आला. आज घरच्या मोठ्या हाय डेफिनिशन पडद्यावर तो पाहावयास बसावें, तों सर्वजयेच्या लुगड्याचा पोत, पडक्या भिंतींचे पोपडे, पावसापूर्वीं तळ्याच्या पाण्यावर नाचणारे किडे हें सर्व इतकें रेखीव दिसतें कीं पाहणारा क्षणभर साशंक होतो. उलट १९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर घरोघर पाहिलेली एखादी मालिका त्याच पडद्यावर लावली, तर माणसांचे चेहरे धुक्यांत बुडाल्यासारखे वाटतात. तीस वर्षांनीं जुनें तें स्पष्ट आणि नवें तें अंधुक, हा उफराटा न्याय कसा? पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून याचें एक सोपें उत्तर दिलें जातें. संगणकानें चित्र सुधारलें, जेथें रेषा नव्हती तेथें ती ओढली, असें तें उत्तर. आमच्या मतें तें चुकीचें आहे. आणि तें केवळ शास्त्रदृष्ट्या चुकीचें असतें तर आम्ही त्याचा एवढा पाठपुरावा केला नसता. परंतु यंत्र हवें तें चित्र निर्माण करूं शकतें असा समज एकदां रुजला, म्हणजे जुनी फीत जपण्याची निकड कोणास उरत नाहीं. आणि फितींविषयींच्या अनास्थेची किंमत आपल्या देशानें पूर्वींच भरपूर मोजलेली आहे.

चित्रपटाची फीत ३५ मिलिमीटर रुंद असते. तिच्या दोन्ही कडांस दांत्यांसाठीं भोकें, आणि मध्यें चित्राची चौकट, सुमारें २२ मिलिमीटर रुंद व १६ मिलिमीटर उंच, म्हणजे टपालाच्या लहानशा तिकिटाएवढी. एका फुटांत अशा सोळा चौकटी मावतात. सेकंदास २४ चौकटी या वेगानें मिनिटास ९० फूट फीत यंत्रांतून धांवते, आणि दोन तासांच्या चित्रपटास १,७२,८०० चौकटी खर्चीं पडतात. या चौकटीवर जिलेटिनचा पातळ थर असून त्यांत रुप्याच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो ते रसायनांत घातल्यावर काळ्या रुप्यांत पालटतात, बाकीचे धुवून जातात. हे कण ओळीनें मांडलेले नसतात; नदीकांठच्या वाळूप्रमाणें ते वाटेल तसे पसरलेले असतात आणि प्रत्येक चौकटींत त्यांची मांडणी निराळी असते. याचा परिणाम मोठा मौजेचा होतो. एकच चौकट काढून भिंगाखालीं पाहिली तर ती खरखरीत दिसते. पण सेकंदास चोवीस चौकटी डोळ्यांपुढून गेल्या म्हणजे एकीचें न्यून दुसरी भरून काढते, आणि कोणत्याही एका चौकटींत नसलेला सूक्ष्म तपशील डोळ्यास त्या प्रवाहांत गवसतो.

दूरदर्शनचें चित्र मात्र ओळींचें बनलेलें असतें. आपल्याकडील जुन्या पद्धतींत ६२५ ओळी असत व त्यांपैकीं ५७६ ओळींत चित्र असे. संगणकी हिशेबानें ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारें ४ लाख १५ हजार ठिपके झाले. हाय डेफिनिशनमध्यें १०८० ओळी व प्रत्येक ओळींत १९२० ठिपके. म्हणजे २० लाख ७३ हजार. त्यापुढच्या, फोर-के नांवाच्या पडद्यावर जवळजवळ ८३ लाख. फितीवरील कणांची अशी ठिपक्यांत मोजदाद करणें काटेकोरपणें बरोबर नव्हे, कारण भिंग, फितीचा प्रकार, छायालेखकाचा हात या सर्वांवर तें अवलंबून असतें. तरीही चांगल्या तऱ्हेनें टिपलेल्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्यें हाय डेफिनिशनच्या पडद्यास पुरून उरेल इतका तपशील असतो, म्हणूनच आजचीं संग्रहालयें तिची प्रतिमा फोर-केच्या मापानें उतरवून घेतात. 'हाय डेफिनिशन' हा शब्दही कांहीं आजचा नाहीं. ज्या १९३६ सालीं प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' पडद्यावर आला, त्याच सालीं लंडनमध्यें बी. बी. सी.नें सुरू केलेलें ४०५ ओळींचें प्रक्षेपण 'हाय डेफिनिशन' म्हणूनच गौरविलें गेलें होतें. त्या ४०५ ओळींपेक्षां पुण्यास प्रभातनगरींत त्या वर्षीं टिपलेल्या निगेटिव्हवर किती अधिक मावलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

मग आमच्या पिढीस हे चित्रपट धूसर कां दिसले? याचें उत्तर निगेटिव्ह व प्रत यांच्या नात्यांत आहे. लग्नाच्या फोटोंचा आल्बम आपण जपतों, आणि ज्या निगेटिव्हवरून ते फोटो काढले ती पाकिटांत घालून कोठें ठेवली हें विसरून जातों. चित्रपटांच्या बाबतींत हेंच मोठ्या प्रमाणावर घडलें. कॅमेऱ्यांतून निघते ती निगेटिव्ह. काळजीनें काम करणारा निर्माता तिच्यावरून प्रथम एक सूक्ष्मकणी पॉझिटिव्ह काढी, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि या दुसरीवरून चित्रगृहांत जाणाऱ्या प्रती. म्हणजे प्रेक्षकांस दिसे ती चौथी पिढी. दर पिढीस थोडी रेखीवता गळते, कणांवर कण चढतात आणि सावल्यांतील बारकावे सरसकट काळ्यांत बुडतात. पैसा वांचविण्यासाठीं मूळ निगेटिव्हवरूनच प्रती काढण्याची चालही आपल्याकडे पुष्कळ होती. त्या प्रती उत्तम निघत. पण प्रत्येक छपाईस निगेटिव्हला यंत्राच्या दांत्यांतून जावें लागे, तिच्यावर ओरखडे उठत, भोकें फाटत, जोड सुटत. यामुळें जो चित्रपट जितका लोकप्रिय, तितकी त्याची जननी अधिक झिजलेली, असा विलक्षण प्रकार होऊन बसला. अशी एखादी प्रत पुण्यामुंबईस आठवड्यांमागून आठवडे काढून, तंबूच्या सिनेमांतून जत्रेजत्रेस हिंडून, शेवटीं पाऊसधारांसारख्या रेघा अंगावर घेऊन दूरदर्शनकडे जाई. तेथें तिचे ५७६ ओळींत तुकडे होत. त्यावरून कोणी व्हिडिओ कॅसेट काढली तर त्यांतलाही बराचसा भाग गळे. आपण ज्यास 'जुना सिनेमा' म्हणून ओळखूं लागलों, तो वस्तुतः या प्रवासाचा मळ होता. १९५५ सालच्या भिंगानें तसें कांहीं पाहिलेलें नव्हतें.

नव्या पद्धतीचें सार इतकेंच कीं मधल्या पिढ्या वगळून शक्य तों मूळ निगेटिव्हपाशीं जावयाचें. फीत दांत्यांनीं न ओढतां गुळगुळीत रुळांवरून सावकाश सरकवितात. एकेक चौकट प्रकाशासमोर येते आणि तिची प्रतिमा संगणकांत उतरते. फितीवर ओरखडे असतील तर ती एका द्रवांत बुडवून हें काम करतात. त्या द्रवाचें वक्रीभवन फितीच्या पाठीसारखेंच असल्यामुळें ओरखड्याची खांच त्यानें भरून जाते व तिची सावली पडत नाहीं. ही युक्ति संगणकाच्या आधीपासूनची आहे, आणि आमच्या मतें सर्व प्रकरणांतील ही सर्वांत सुंदर युक्ति. पुढें धुळीचे ठिपके पुसण्याचें काम येतें. धुळीचा कण एकाच चौकटींत असतो, मागच्या व पुढच्या चौकटींत त्या जागीं चित्र शाबूत असतें. संगणक शेजाऱ्यांकडून तेवढा तुकडा उसना आणतो. पण पावसाचे थेंब, उडणारे पक्षी, पाण्यावरचे किडे यांनाही तो धूळच समजण्याचा संभव असतो, म्हणून माणसास डोळ्यांत तेल घालून मागें बसावें लागतें. फोर-केच्या मापाची एक चौकट सुमारें ५० मेगाबाइट जागा व्यापते, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटास आठ-नऊ टेराबाइट. या आंकड्यावरून निगेटिव्हच्या एका डब्यांत काय दडलेलें असतें याची थोडी कल्पना यावी.

'पथेर पांचाली'च्या बाबतींत मूळ निगेटिव्हपाशीं जाणें हीच मोठी अडचण होती, कारण ती जळाली होती. ही हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९९२ सालीं अमेरिकेंतील ॲकॅडमीनें राय यांस त्यांच्या जन्मभराच्या कामगिरीबद्दल ऑस्कर दिलें. कलकत्त्यास रुग्णशय्येवर त्यांनीं तें स्वीकारलें, आणि २३ एप्रिल १९९२ रोजीं ते वारले. त्या समारंभासाठीं त्यांच्या चित्रपटांतले उतारे जमवितांना अमेरिकेंत चांगल्या प्रतीच मिळेनात. या अनुभवावरून मूळ निगेटिव्ह सुरक्षित करण्याची खटपट सुरू झाली, आणि त्या कलकत्त्याहून लंडनमधील हेंडरसन नांवाच्या लॅबोरेटरींत नेण्यांत आल्या. तेथून त्या पुढें अमेरिकेस जावयाच्या होत्या. १९९३ च्या जुलैंत त्या लॅबोरेटरीस आग लागली. अनेक इंग्रज चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हबरोबर राय यांच्या चित्रपटांच्याही त्यांत होरपळल्या. जतन करण्यासाठीं नेलेली वस्तु जतनाच्या वाटेवरच जळावी, याहून क्रूर विनोद तो कोणता?

त्या वेळीं कोणत्याही लॅबोरेटरीस त्या वस्तूंचा कांहीं उपयोग करतां येईल अशी आशा नव्हती. तरीही जें उरलें तें टाकून न देतां, डब्यांत घालून, अमेरिकेंतील ॲकॅडमीच्या चित्रपट-संग्रहालयाकडे पाठविण्यांत आलें आणि तेथें तें वीस वर्षें तसेंच पडून राहिलें. या सबंध इतिहासांत कौतुकास सर्वांत पात्र कोण असें कोणी आम्हांस विचारील, तर ज्या कोणी निरुपयोगी ठरलेले ते डबे फेंकून दिले नाहींत त्यांचें नांव आम्ही प्रथम घेऊं. दुर्दैवानें अशा माणसांचीं नांवें कोठें छापलीं जात नाहींत. २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या क्रायटेरियन कंपनीनें तिन्ही अपु-चित्रांच्या जीर्णोद्धाराचें काम ॲकॅडमीच्या साहाय्यानें हातीं घेतलें, तेव्हां ते डबे पुन्हां उघडले गेले. फीत आटलेली, ठिसूळ झालेली, कडा करपलेल्या, जोडांवरच्या चिकटपट्ट्यांचा गोंद वितळून पसरलेला, अशी ती अवस्था होती.

हीं रिळें इटलींतील बोलोन्या शहरीं 'लिम्माजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेंत गेलीं. 'पुन्हां सांपडलेली प्रतिमा' असा त्या नांवाचा अर्थ आहे, आणि या प्रसंगीं तो अक्षरशः खरा ठरला. ग्लिसरॉल, ॲसिटोन व पाणी यांच्या मिश्रणानें फितींत पुन्हां ओलावा आणून ती मऊ करण्यांत आली. वितळलेला गोंद हातानें खरवडून काढला, फाटलेलीं भोकें एकेक करून पुन्हां बांधलीं, करपलेल्या कडांस नव्या पट्ट्या जोडल्या. केवळ या हस्तकामास जवळजवळ हजार तास लागले. त्यानंतर कोठें यंत्राची पाळी आली. हिशेब केला तेव्हां 'पथेर पांचाली'चा सुमारें चाळीस टक्के भाग आणि 'अपराजितो'चा साठ टक्क्यांहून अधिक भाग मूळ जळक्या निगेटिव्हवरून मिळाला. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह मात्र वापरण्यापलीकडे गेली होती. तो चित्रपट व इतर दोहोंतील उरलेले भाग जगांतल्या निरनिराळ्या संग्रहालयांत सांपडलेल्या सूक्ष्मकणी पॉझिटिव्ह व दुय्यम निगेटिव्ह यांवरून भरून काढावे लागले. १९५५ च्या मे महिन्यांत 'पथेर पांचाली'चा पहिला खेळ न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्यें झाला होता. साठ वर्षांनीं, २०१५ च्या मे महिन्यांत, नवा केलेला 'पथेर पांचाली' त्याच संस्थेंत दाखविला गेला.

या खटाटोपानें नेमकें काय परत आलें? भिंतींचे पोपडे आणि लुगड्याचे धागे तर आलेच. पण आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें प्रकाशाचें. राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनीं 'पथेर पांचाली'पूर्वीं सिनेमाचा कॅमेरा कधीं हाताळलेला नव्हता. 'अपराजितो'च्या वेळीं काशींतील हरिहराच्या घराचें अंगण कलकत्त्याच्या स्टूडिओंत उभारावें लागलें. काशीच्या उंच घरांच्या अंगणांत ऊन थेट येत नाहीं. वरच्या आभाळाच्या तुकड्यांतून झिरपलेला, सावली न पाडणारा उजेड तेवढा असतो. स्टूडिओंतील दिव्यांनीं एकाच माणसाच्या चार चार सावल्या पडतात. मित्रांनीं अंगणावर पांढरें कापड ताणून दिवे खालून त्यावर सोडले, आणि परावर्तित होऊन खालीं आलेल्या उजेडांत चित्रण केलें. तें अंगण खोटें आहे हें कित्येक जाणत्यांच्याही ध्यानांत आलें नाहीं. आतां हा सर्व खेळ करड्या रंगाच्या सूक्ष्म पायऱ्यांचा आहे. चौथ्या पिढीच्या घासलेल्या प्रतींत या पायऱ्या एकमेकींत मिसळून दोन-तीनच उरत, आणि मित्रांचें अंगण इतर कोणत्याही अंगणासारखें होऊन जाई. अर्ध्या शतकाहून अधिक काळ आमच्या लोकांनीं या छायालेखकाची स्तुति बहुतांशीं ऐकीव प्रमाणावरच केली असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

जें निगेटिव्हवर नाहीं तें यंत्र देऊं शकत नाहीं याचा पुरावाही येथेंच पाहून घ्यावा. फ्रिट्झ लांग यांचा १९२७ सालचा जर्मन मूकपट 'मेट्रोपोलिस' प्रथम प्रदर्शनानंतर कापला गेला आणि कापलेला भाग जगांतून नाहींसा झाला अशी समजूत होती. २००८ सालीं ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट-संग्रहालयांत जवळजवळ संपूर्ण चित्रपटाची एक निगेटिव्ह सांपडली. पण ती १६ मिलिमीटरची, म्हणजे चौकट पाव भागाहूनही लहान, आणि घासलेल्या प्रतीवरून काढलेली. २०१० सालीं नवी आवृत्ति बर्लिनला दाखविण्यांत आली, तिच्यांत हीं सुमारें पंचवीस मिनिटें रेघोट्यांनीं भरलेलीं आणि अंधुक अशींच आहेत. जगांतील उत्तमोत्तम तंत्रज्ञ हाताशीं असूनही त्या रेघा गेल्या नाहींत, कारण त्या फितीच्या अंगावर पडलेल्या नसून मागल्या प्रतीवरून छापून आलेल्या होत्या. आरंभीं उल्लेखिलेल्या मालिकांचेंही तेंच. त्या थेट व्हिडिओ-फितीवर टिपल्या गेल्या असतील तर त्यांत ५७६ ओळी आहेत, अधिक कधीं नव्हत्याच. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही १९८७ सालीं सुरू झालेली अमेरिकन मालिका ३५ मिलिमीटर फितीवर चित्रित होऊन जोडकाम मात्र व्हिडिओवर झालेली, तिच्या निगेटिव्ह शिल्लक होत्या म्हणूनच २०१२ पासून सर्व जोडकाम पुन्हां करून ती हाय डेफिनिशनमध्यें आणतां आली. बाजारांत पुष्कळदां जुन्या कॅसेटवरील चित्र फुगवून त्यास मोठें नांव दिलेलें असतें. तें चित्र मोठें होतें, स्पष्ट होत नाहीं.

यंत्राच्या आहारीं जाण्याचा धोका दुसऱ्या बाजूनेंही आहे. रुप्याचे कण डोळ्यांस खुपतात म्हणून कांहीं व्यापारी ते पुसून टाकतात. कणांबरोबर त्वचेचा पोत आणि केसांच्या बटाही जातात, आणि नटनट्यांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत होतात. जुनी चौकट जवळजवळ चौरस आणि आजचा पडदा लांबट, म्हणून वरचा व खालचा भाग कापून चित्र पडदाभर ताणण्याची खोडही सर्वत्र दिसते. यांत पुढाऱ्याचा फेटा आणि नर्तकीचे पाय अर्धे गेले तरी कोणाची हरकत नसते! आम्हांस तर बाजूंस काळ्या पट्ट्या राहिलेल्या पुरवतात. रंगीत चित्रपटांत प्रश्न आणखी नाजूक होतो. रंगाचे थर काळाबरोबर निरनिराळ्या वेगानें फिके होतात, आणि मूळ रंग कोणता होता हें फीत एकटी सांगूं शकत नाहीं. माणसाच्या आठवणीस साक्षीला बोलवावें लागतें. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा चित्रपट १९७६ सालीं गुजरातेंतील पांच लाख शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये देऊन उभा केला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या पुढाकारानें त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हां मूळ छायालेखक गोविंद निहलानी यांच्या देखरेखीखालीं रंग ठरविले गेले. २०२४ च्या मे महिन्यांत तो कान येथें दाखविला गेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बेनेगल वारले. थोडा उशीर झाला असता तर ही साक्षही अर्धी राहिली असती.

'मंथन'ची निगेटिव्ह पुण्यास होती. येथें हा इतिहास आपल्या दाराशीं येतो. १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीच्या जागेंत १९६० सालीं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची पुण्यास स्थापना झाली. पी. के. नायर या गृहस्थांनीं तें संग्रहालय जन्मभराचें कार्य मानून वाढविलें. त्यांच्या हातीं काम आलें तेव्हां पुष्कळ उशीर झालेला होता. चित्रपटाचें उत्पन्न संपलें कीं रिळें रुपें काढण्यासाठीं विकलीं जात. फितींतून निघालेलें थोडेंसें रुपें हेंच त्या कलेचें अखेरचें मोल ठरे. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस लागलेला 'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट; त्याची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ सालच्या चार रिळांच्या मूकपटाचीं पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें तेवढीं संग्रहालयांत आहेत, आणि तींही मूळ चित्रपटाचीं कीं फाळक्यांनींच १९१७ सालीं पुन्हां काढलेल्या आवृत्तीचीं, यावर अभ्यासकांत वाद आहे. फोर-केच्या प्रतिमेंत तारामतीच्या वेषांतील पुरुषाच्या मनगटाची शीर दिसूं शकेल. मधलीं दोन रिळें दिसणार नाहींत.

जुन्या फितीची पाठ नायट्रेटची असे, आणि नायट्रेट हा बंदुकीच्या दारूचा सख्खा भाऊ. तो एकदां पेटला म्हणजे पाण्याखालींही जळतो. १९५० च्या सुमारास तो मागें पडून ॲसिटेटची 'सुरक्षित' फीत सर्वत्र आली. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत प्रभातच्या जुन्या आवारांतील फितींच्या कोठारास आग लागली, आणि प्रभातसह अनेक जुन्या कंपन्यांचीं नायट्रेट रिळें तींत गेलीं. ज्यांच्या सुरक्षित फितीवर प्रती काढून ठेवल्या होत्या ते चित्रपट उरले, आजही आपण ते पाहतों. पण 'अपूर संसार'चें जें झालें तेंच त्यांचेंही झालें: आतां त्यांच्यासाठीं जावयास मूळ घर नाहीं, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या दारावरच थांबावें लागतें. आणि प्रती तरी अमर कोठें आहेत? ॲसिटेटची फीत उष्ण व दमट हवेंत विघटित होऊं लागते, तिला शिरक्याचा उग्र वास येतो, आणि त्या वासाचें आम्लच पुढील विघटन झपाट्यानें वाढवितें. डबा उघडतांच वास आला म्हणजे एका रिळापाठोपाठ शेजारचेंही धोक्यांत आलें असें समजावें. थंड व कोरडी खोली हाच त्यावर उपाय, आणि आपल्या हवेंत वर्षाचे बाराही महिने ती खोली थंड ठेवण्याचा खर्च सोसावा लागतो.

संगणकांत उतरवून घेतलें म्हणजे निगेटिव्हची गरज संपली, असें कांहीं कारभारी मंडळींस वाटूं लागलें आहे. त्यांस दोन गोष्टी सांगावयास हव्यात. वीस वर्षांपूर्वीं ज्या चित्रपटांच्या प्रतिमा त्या काळच्या उत्तम मापानें उतरविल्या होत्या, त्यांतील पुष्कळ आज अपुऱ्या ठरून पुन्हां उतराव्या लागत आहेत. आणि तें जेथें शक्य झालें तेथें निगेटिव्ह जागेवर होती म्हणूनच झालें. दुसरी अशी कीं संगणकी तबकड्या दर कांहीं वर्षांनीं नव्या तबकड्यांवर उतरविल्या नाहींत तर त्या वाचणारें यंत्रच नाहींसें होतें. उलट, फितीवरचें चित्र वाचावयास एक दिवा आणि एक भिंग पुरतें. म्हणूनच कित्येक ठिकाणीं जीर्णोद्धार पुरा झाल्यावर तें नवें संगणकी चित्र पुन्हां फितीच्या निगेटिव्हवर उतरवून थंड कोठारांत ठेवतात, आणि तिच्या शेजारीं जुन्या, करपलेल्या निगेटिव्हलाही जागा देतात.